जुनं पाणी आधी

डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं होतं, "घरात प्यायचं पाणी कशानं काढता?"

आबांनी छाती पुढं काढून सांगितलं, "पेल्यानं."

"पेला कुठं ठेवता?"

"ठेवायचा कशाला? पिंपातच तरंगत असतो. शोधायला नको."

आता माणूस खरं बोलला म्हणून लगेच कुणी त्याची पाठ थोपटत नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि आबांकडं बघितलं. आबांच्या मांडीवर त्यांची चार वर्षांची नात छकुली पोट धरून बसली होती. महिन्यातली दुसरी खेप. "औषध मी देते," बाई म्हणाल्या, "पण ते पोटाला. पाण्याचं काय? उघडं पिंप, त्यात घरादाराचे हात, वरून हा तरंगता पेला! झाकणाचं, तोटीचं भांडं घ्या. आत हात घालायचा नाही. नाहीतर पुढच्या महिन्यात इथंच भेटू."

घरी आल्यावर सूनबाईंनी बॅग काढली. ही बाई आवाज चढवत नाही, बॅग काढते. "बाबा, मी हिला घेऊन आईकडं जाते. शाळा उघडायला दीड महिना आहे. तोवर इथलं पाणी नीट झालं तर परत येतो. नाही झालं तर तिकडंच हिचं नाव घालते शाळेत. तिकडं नळ सोडला की पाणी येतं, कधीही."

हे 'कधीही' आबांना लागलं. त्यांच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड, सकाळी सहा ते सात. त्यातही पहिली दहा मिनिटं नळ नुसता खोकायचा.

छकुली जाताना दारातून ओरडली, "आबा, माझं स्टूल कुणाला देऊ नका!" पिंपाजवळ तिचं लाल प्लॅस्टिकचं स्टूल असायचं. त्यावर चढून ती स्वतःचं पाणी स्वतः घ्यायची. "नाही देत," आबा म्हणाले, आणि घाईघाईनं भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला गेले. घड्याळ बॅटरीवरचं होतं.

तर हे आबा म्हणजे कुणी साधी असामी नव्हे. चौतीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस. नटबोल्ट, पट्टे, ग्रीस, रबराचे वॉशर, सगळं ह्यांच्या ताब्यात. मागणी चिठ्ठी दिल्याशिवाय तिथून खिळा हलायचा नाही. एकदा खुद्द मोठ्या साहेबांना केबिनमधला बल्ब बदलायचा होता. चिठ्ठीवर तारीख नव्हती. आबांनी चिठ्ठी परत पाठवली. साहेब अर्धा तास अंधारात बसले, पण शेवटी तारीख घालूनच बल्ब नेला. भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं, 'जुना माल आधी. नवा माल मागे.' त्या एका ओळीवर चौतीस वर्षांत ग्रीसचा डबा सुकला नाही, वॉशर चिरला नाही, आणि एकही वस्तू 'खारीज' लिहावी लागली नाही. खारीज म्हणजे माल पडून पडून वाया गेला, अशी स्वतःच्या सहीनं दिलेली कबुली. दुसऱ्या पाळीच्या स्टोअरकीपरनं एकदा अर्धं पोतं सिमेंट खारीज केलं होतं, तर आबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

"पाणी साठवायचं, एवढंच ना?" आबा बायकोला म्हणाले. "हे तर माझंच खातं."

"म्हणूनच मला भीती वाटते," बायको म्हणाली.

पहिल्यांदा ड्रम आणले. पाच, निळे, दोनशे-दोनशे लिटरचे, भंगारवाल्याकडून. त्याला आबांनी रीतसर विचारलं की आत आधी काय होतं. तो म्हणाला, "पातळ साबण. म्हणजे धुतलेलेच समजा की!" आबांना हे पटलं. चौतीस वर्षं माल ओळखण्यात गेलेला माणूस, पण साबणाचं नाव ऐकलं की कुणाचाही संशय जरा ढिला पडतो.

ते ड्रम आबांनी जिन्याच्या चौकात धुवायला काढले. पहिली बादली ओतली, फेस आला. दुसरी ओतली, जास्त आला. पाचव्या बादलीला फेस ड्रमच्या बाहेर पडून जिन्यानं खाली निघाला, एकेक पायरी बघत, सावकाश, घर शोधत आलेल्या पाहुण्यासारखा. त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे मास्तर भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. मास्तर गणिताचे, निवृत्त, आणि पडतानासुद्धा हिशेबी. उभे होते तसे बसले आणि बसल्याबसल्या खाली गेले.

"लागलं का हो?" आबांनी वरून विचारलं.

"चार," मास्तर खालून म्हणाले. "चार पायऱ्या उतरलो, न चालता. टोमॅटो पुढं गेलेत, ते मोजले नाहीत."

तीन दिवस धुतले तरी ड्रमात तोंड घातलं की लिंबाचा वास यायचा. बायको म्हणाली, "जेवढं पाणी हे धुण्यात गेलं, तेवढं साठवलं असतं तर आज पोरगी घरात असती." हे बोलणं हिशेबात बसत नव्हतं, पण झोंबलं. साबणाचे ड्रम परत गेले. आबांनी दुकानातून नवेकोरे पाच आणले, झाकणाचे, आणि नळवाल्याला बोलावलं.

नळवाला आला तो मत घेऊनच आला. हत्यारं विसरला होता. "तोटी कुठं बसवू?"

"अगदी तळाशी. माल अडकून राहता कामा नये."

"तळाशी बसवतो. मग पेला कुठं धरणार? फरशी खणणार का?"

म्हणून लोखंडी स्टँड आले. स्टँड बसवून ड्रम बाल्कनीत ओळीनं लागले आणि दोन पाण्याच्या सकाळी घालवून काठोकाठ भरले. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याचं लेबल: ड्रम क्रमांक, आवक तारीख, शिल्लक. आबा मागं सरकून बघत उभे राहिले. आठवड्यात पहिल्यांदा त्यांना चहा गोड लागला. अर्धाच झाला होता, तेवढ्यात मास्तर वर आले.

"एक लिटर पाणी म्हणजे किती किलो?"

"एक."

"दोनशे लिटरचे पाच ड्रम. सांगा."

"हजार किलो," आबा म्हणाले. शाळेतल्यासारखी त्यांची मान आपोआप खाली गेली होती.

"म्हणजे एक टन. तो टन कुठं आहे?"

"बाल्कनीत."

"आणि त्या बाल्कनीच्या खाली खुर्ची टाकून रोज सकाळी पेपर कोण वाचतं?"

आबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी वाचतो," मास्तर म्हणाले. "माझं वजन अठ्ठावन्न. टनापुढं ते धरू सुद्धा नका."

संध्याकाळपर्यंत ड्रम घरभर पांगले. पाणी उपसून, ड्रम सरकवून, परत भरून. एक नंबर दाराशी, दोन नंबर स्वयंपाकघरात, तीन नंबर आबांच्या पलंगाच्या उशाशी, चार नंबर न्हाणीच्या दारात असा की अंग चोरूनच आंघोळीला जावं लागे, आणि पाच नंबर सोफ्याच्या शेजारी. पाच नंबरवर बायकोनं भरतकामाचा रुमाल टाकला. आलेले लोक त्यावर कोपर टेकून बसायचे आणि म्हणायचे, "हे नवीन काय घेतलंत?"

आता शिस्त. आबांनी एक वही फाडून मागणी चिठ्ठ्या कापल्या. पाणी कुणाला, किती, कशासाठी, तारीख, सही. गठ्ठा ड्रम दोनच्या स्टँडला दोऱ्यानं बांधला.

"अहो, भाजीत पाणी घालायचंय. अर्ज कुणाकडं करू?"

"थट्टा नको. चिठ्ठी लिही."

"लिहिते. 'भाजी जळली' असं लिहू की 'जळत आहे'?"

त्या दिवसानंतर चिठ्ठ्या कमी होत गेल्या, पण त्यांच्या पाठीवर बायको वाण्याची यादी लिहायची. मुलगा कामावरून यायचा, हे सगळं बघायचा, आणि जाऊन आंघोळ करायचा. त्या घरात कुणाचीच बाजू न घेता जगायची ती एकच युक्ती होती.

छकुलीचा फोन आला. "आबा, आपली आजी फोनवर म्हणाली, तुमच्याकडं पाण्याला चिठ्ठी लागते?"

"लागते. नियम आहे."

"मला पण?"

"सगळ्यांना."

"पण मला लिहिता येत नाही."

"मग शीक," आबा म्हणाले. फोन केव्हाच ठेवला गेला होता, पण ते आणखी थोडा वेळ तो कानाला लावून बसले.

शिस्तीतला मुख्य कायदा अजून सांगायचाच राहिला. जुनं पाणी आधी. म्हणजे एक नंबर पूर्ण संपला की दोनला हात लावायचा. रिकामा झालेला एक नंबर ताजा भरून रांगेत शेवटी. तीन माणसं, पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला वीस लिटर, एक ड्रम दहा दिवस. सगळं कसं घड्याळासारखं.

सकाळी सहाला नळ खोकून मोकळा व्हायचा, स्वच्छ गार पाण्याची धार पडायची. बायको धारेखाली पेला धरायची.

"ते ठेव. ते रांगेत जाईल. प्यायचं असेल तर दोन नंबर चालू आहे."

"दोन नंबरमधलं बारा दिवसांचं आहे. हे आत्ताचं आहे."

"म्हणूनच. आत्ताचं आत्ता प्यालीस तर बारा दिवसांच्याचं काय करू? खारीज?"

तो शब्द उच्चारताना आबांचं तोंड असं व्हायचं की बायको पेला बाजूला ठेवायची.

आणि रोज सकाळी शिल्लक तपासणी. कारखान्यातून निवृत्तीच्या वेळी मिळालेली लाकडी फूटपट्टी घेऊन आबा पाची ड्रमची झाकणं उघडायचे, पट्टी तळापर्यंत बुडवायचे, ओल कुठवर आली ते बघायचे आणि लेबलवर आकडा सुधारायचे. पट्टी मग धोतराला, पँटला, जे अंगावर असेल त्याला पुसून खिशात. हात मात्र आत कधी घातला नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना!

पाच नंबरचं झाकण भरतकामाच्या रुमालामुळं नीट बसत नव्हतं, हे काही कुणाच्या ध्यानात आलं नाही. डासांच्या आलं. आणि त्यांच्या मागोमाग डासवाल्याच्या.

डासवाला म्हणजे आरोग्य खात्याचा माणूस, घरोघर साठलेलं पाणी तपासत फिरणारा. त्याच्या खांद्याला पिशवी आणि हातात बॅटरी होती. ड्रम पाचमध्ये त्यानं बॅटरी मारली आणि शीळ घातली. "आजोबा, इथं पाळणाघर काढलंय तुम्ही."

आबांनी वाकून बघितलं. पाण्यात बारीक काळे जीव उलटेपालटे नाचत होते. लेबलवर त्यांची नोंद नव्हती.

"आठ दिवसांत हे दिसले तर नोटीस देईन," डासवाला म्हणाला आणि पिशवीतून एक डबी काढून दोन मासे ड्रमात सोडले, पेरभर लांबीचे. "हे अळ्या खातात. सरकारी आहेत बरं का. मेले तर कळवायचं."

डासवाला गेला आणि आबा लेबल लिहायला बसले. मासे, नग दोन, सरकारी, ताब्यात घेतले.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले ते एक बाटली घेऊन. त्यात पाणी निर्जंतुक करायचे थेंब. "प्रत्येक ड्रमात मोजून टाका. जंतू राहायचे नाहीत."

"आणि मासे?"

मास्तरांनी विचार केला. "मासेही राहायचे नाहीत."

सरकारी खातं म्हणतं मासे सोडा, मास्तर म्हणतात थेंब सोडा, आणि मध्ये आबा, सरकारी मालमत्तेचे रखवालदार. शेवटी मासे काचेच्या बरणीत आले. बरणी फ्रिजवर, लेबलसकट. पाच नंबर घासून नव्यानं भरला आणि रांगेत शेवटी लागला. ड्रम एक आणि पाच, म्हणजे नुकतेच भरलेले, यांत थेंब पडले. बाकीच्यांत नाही. कारण बाकीचा माल जुन्या आवकीतला, त्याच्यावर नवा नियम मागच्या तारखेनं लावता येत नाही, असं आबांचं म्हणणं.

शाळा उघडायला बारा दिवस उरले तेव्हा सूनबाईंचा फोन आला. "बाबा, पाणी नीट झालं का?"

"एकदम! लेबलं बघशील तर!"

"लेबल नको. तपासून आणा. प्रयोगशाळेचा कागद दाखवा, आम्ही निघतो. इकडच्या शाळेत पुढच्या शनिवारपर्यंत सांगायचंय."

पाण्याची प्रयोगशाळा पाणीखात्याच्या कचेरीत, मागच्या बाजूला. पुढं खिडकी, खिडकीत कारकून, कारकुनापुढं फॉर्म.

"पाण्याचा उगम?"

"ड्रम क्रमांक तीन."

"ड्रम हा उगम नव्हे. नळ, विहीर, बोअर की इतर?"

"मग इतर."

"इतर म्हणजे नदी, तळं. तुमच्या घरात तळं आहे का?"

"पाणी तुमच्याच नळाचं आहे हो."

"नळाचं असतं तेव्हा आमचं. ड्रमात पडलं की तुमचं."

आबांनी जरा विचार केला. "आणि नळातून सुटलंय पण ड्रमात पडलं नाही, तेव्हा?"

कारकुनानं पेन थांबवलं. असा प्रश्न त्याच्या नोकरीत आला नव्हता. तो आत जाऊन आला. "साहेब रजेवर आहेत. उगमाची जागा कोरी सोडा."

मग त्यानं एक सीलबंद बाटली दिली. उद्या सकाळी भरून आणा, तासाभरात आणा, म्हणाला. आणखीही काही म्हणाला, पण मागच्या माणसानं खिडकीत डोकं घातल्यामुळं ते त्या डोक्याला ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी बाटली भरून प्रयोगशाळेत गेली. तिथल्या बाई पांढऱ्या कोटातल्या, बोलायला मऊ. त्यांनी बाटली उजेडात धरली. "आत तपासणीसाठी पांढरी पूड होती चिमूटभर. ती कुठं गेली?"

"ती होय! तळाला चिकटलेली," आबा म्हणाले. "आमच्या हिनं ब्रशनं घासून काढली. साबण लावला, गरम पाण्यानं खळबळली, आतून फडक्यानं कोरडी केली. तुमची सरकारी बाटली म्हणजे कुणाकुणाचे हात लागलेले. आम्ही न धुतलेल्या भांड्यात पाणी भरत नाही."

बाईंनी बाटली खाली ठेवली. "काका, ह्या बाटलीएवढं स्वच्छ भांडं तुमच्या अख्ख्या गल्लीत नव्हतं. ते तुम्ही धुतलंत."

घरी येऊन आबांनी हे बायकोला सांगितलं. बायको तापली. "म्हणजे मी धुतल्यानं घाण झाली? तीस वर्षं माझ्या हातची भांडी..." पुढचे दोन तास भांड्यांचा इतिहास झाला. पण दुसरी बाटली आली तेव्हा तिनं तिला हात लावला नाही. ओट्यापासून लांब, खुर्चीवर ठेवली आणि येताजाता तिच्याकडं सवतीकडं बघावं तसं बघितलं.

ही बाटली न धुता भरली, तीन नंबरमधून, कारण पाळी त्याचीच होती. दोन दिवसांनी आबा निकालाला गेले. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत त्यांच्या स्वतःच्या पोटात बारीक कळ येत होती. पण ते कुणाला बोलले नव्हते. स्टोअरकीपरनंच मालाला नावं ठेवल्यावर राहिलं काय?

बाईंनी कागद पुढं सरकवला. 'पिण्यास अयोग्य.'

आबा तो शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिले, 'अ' पुसट होईल म्हणून.

"बसा काका," बाई म्हणाल्या. "पाणी झाकता?"

"कडक झाकण."

"आत हात घालता?"

"छे! फक्त पट्टी."

"पट्टी?"

आबांनी खिशातून काढून दाखवली. बाईंनी ती टेबलावर ठेवू दिली नाही.

"बरं. हे पाणी भरलं कधी होतं?"

इथं मात्र आबांचा चेहरा उजळला. लेबल त्यांनी सोबत आणलं होतं. "अठ्ठावीस दिवसांपूर्वी. आवक तारीख हातानं लिहिलेली आहे."

"आणि हे तुम्ही आत्ता पिताय?"

"नियमाप्रमाणे. जुनं आधी."

"ज्या दिवशी बाटली भरलीत, त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं?"

"भरपूर. पण त्याची पाळी पुढच्या महिन्यात."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "काका, तुमच्या गल्लीतलं नळाचं पाणी मी स्वतः तपासते. चांगलं असतं. ते एक दिवसाआड तुमच्या दारात येतं. तुम्ही ते महिनाभर ठेवता, रोज त्यात लाकूड बुडवता, आणि ते बिघडलं की मग पिता. पाणी म्हणजे खिळे नव्हेत हो." मग त्यांनी एका कागदाच्या पाठीवर लिहून दिलं. वीस-वीस लिटरची दोन भांडी, झाकणाची, तोटीची. एक चालू, एक घासून पालथं. पाणी आलं की भरायचं, मोजून थेंब टाकायचे, अर्धा तास झाकून ठेवायचं. दोन दिवसांत संपेल तेवढंच ठेवायचं. उरलं तर ते धुण्याला. "आणि घरात आत्ता जे साठलंय, ते प्यायचं नाही. काढून टाका."

"किती?"

"सगळं."

आबा घरी आले आणि सोफ्यावर बसले, कोपर पाच नंबरवर. बायकोनं कागद वाचला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि पिठाच्या डब्यामागून एक झाकणाची किटली घेऊन आली.

"हे काय?"

"नळाचं, उकळून गार केलेलं. पहिल्या आठवड्यापासून मी आणि तुमचा मुलगा हेच पितो. स्वयंपाकाला तुमचं घेते, ते शिजतंच."

म्हणजे स्टोअरचं पाणी महिनाभर एकटा स्टोअरकीपरच पीत होता. आबा किटलीकडं बघत राहिले. चिडायला हवं होतं. पण पोटात पुन्हा कळ आली, त्यामुळं चिडण्याचं राहून गेलं. "दे एक पेला," ते म्हणाले. बायकोनं दिला. चिठ्ठी मागितली नाही.

त्यानंतर त्यांनी जुनी वही काढली, कोरं पान उघडलं आणि वर लिहिलं: खारीज. खाली लिहिलं. पाणी, आठशे लिटर. कारण, साठवणुकीतील चूक. जबाबदार, स्टोअरकीपर. खाली सही केली, आणि वही बायकोपुढं सरकवली. "साक्षीदार लागतो."

बायकोनं सही केली.

उपसा सुरू झाला तसे मास्तर बादली घेऊन वर आले. "टन उतरतोय असं ऐकलं." दोघांनी मिळून जिना धुतला, वरपासून खालपर्यंत, फेसाशिवाय. मास्तर कठडा धरून होते आणि पायऱ्या मोजत होते. मग गल्लीतली झाडं झाली, खिडक्या झाल्या, मास्तरांची सायकल झाली. पाणी थेंबभर गटारात जाऊ द्यायचं नाही, एवढी एक इज्जत आबांनी राखली. रिकामे ड्रम नळवाला घेऊन गेला. जाताना म्हणाला, "मी तेव्हाच सांगणार होतो." काय सांगणार होता, ते कुणी विचारलं नाही. फूटपट्टी गेली शिवणाच्या डब्यात.

नव्या भांड्यातलं पाणी तिसऱ्या बाटलीतून गेलं. शुक्रवारी दुपारी कागद हातात पडला. 'पिण्यास योग्य.' आबांनी 'योग्य'च्या आधी काही आहे का ते दोनदा बघितलं आणि कचेरीच्या पायरीवरूनच फोन लावला. "सूनबाई, कागद आला." पलीकडून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

रविवारी सकाळी दोघी आल्या. सूनबाईंनी कागद वाचला, भांडी बघितली, तोटी सोडून बघितली, झाकण उचलून बघितलं आणि बॅग पलंगाखाली सरकवली. "आई, चहा टाका," एवढंच म्हणाल्या. ह्या बाईच्या हिशेबात ही मोठी शाबासकी.

छकुली मात्र दारातच उभी होती. लाल स्टूल भांड्यापाशी होतं, जागच्या जागी. ते बघून तिनं मान हलवली आणि फ्रॉकच्या खिशातून एक चौघडी केलेला कागद काढून आबांच्या हातात दिला.

"हे काय?"

"चिठ्ठी. नियम आहे ना?"

आबांनी चष्मा लावला. कागदावर हिरव्या खडूनं एक पेला काढला होता, एका बाजूला कललेला. त्याच्या शेजारी दोन मासे, पेल्यापेक्षा मोठे; बरणीची बातमी फोनवरून तिकडं पोचली होती. कुणाला पाहिजे ते लिहिलं नव्हतं. किती ते नव्हतं. कशासाठी ते नव्हतं. तारीख तर नव्हतीच. आणि सहीच्या जागी, आजीनं फोनवर शिकवली असावी, एक गोल आणि त्याला शेपूट.

ज्या माणसानं मोठ्या साहेबांना अर्धा तास अंधारात बसवलं, तो माणूस ती चिठ्ठी हातात धरून उभा राहिला. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. सूनबाई बघत होत्या.

"बरोबर आहे," आबा म्हणाले.

मग त्यांनी पेन काढलं, चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'मंजूर' लिहिलं, सही केली आणि आधी पाण्याचा पेला दिला, मग फ्रिजवरून सरकारी मासे, नग दोन, बरणीसकट.